क्षितिज गाळलेले पाणी : क्लोद मोने याची तळ्याची चित्रे

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने (१८४०–१९२६) याने आयुष्याची अखेरची जवळजवळ तीस वर्षे मुख्यतः एकाच विषयाला दिली. पॅरिसच्या वायव्येला, सेन नदीच्या खोऱ्यातल्या जिव्हर्नी या खेड्यात त्याने घराजवळ तळे तयार करवून घेतले, त्यात कुमुदिनी लावल्या आणि त्या पाण्याची सुमारे अडीचशे तैलचित्रे रंगवली. त्यांना फुलांची चित्रे म्हणण्याची सवय पडली आहे. पण एखादे चित्र निरखून पाहिले तर फुलांच्या वाट्याला आलेली जागा थोडीशीच असते. उरलेले सारे चित्रपृष्ठ पाण्याने आणि पाण्यात उतरलेल्या आकाशाने, ढगांनी, झाडांनी भरलेले असते. पाण्याचा पृष्ठभाग हा या चित्रांचा खरा विषय आहे, आणि तो रंगवता रंगवता मोनेने युरोपीय निसर्गचित्राची चारशे वर्षांची घडणच बदलून टाकली.

मोने १८८३ मध्ये जिव्हर्नीला भाड्याच्या घरात राहायला आला. तोवरची त्याची वर्षे बहुतांशी ओढगस्तीत गेली होती. पुढे पॅरिसचा चित्रविक्रेता पॉल द्युराँ-रुएल याने अमेरिकेत दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट), म्हणजे निसर्गासमोर बसून क्षणाचा उजेड टिपणाऱ्या, चित्रांना गिऱ्हाईक मिळवले आणि मोनेच्या हाती पैसा आला. १८९० मध्ये त्याने ते घर विकत घेतले. १८९३ मध्ये बागेपलीकडचा, रस्ता आणि रेल्वेचा फाटा ओलांडून जावा लागणारा ओलसर जमिनीचा पट्टा घेतला. त्याच्या कडेने एप्त नदीची एक लहान शाखा वाहत होती. तिचे पाणी वळवून तळ्यात घ्यायचे, तर सरकारी परवानगी हवी. गावकऱ्यांनी हरकत घेतली. परदेशी वनस्पतींमुळे पाणी विषारी होईल, गुरांना आणि कपडे धुणाऱ्या बायकांना अपाय होईल, अशी त्यांची भीती होती. मोने चिडला, त्याने प्रांताधिकाऱ्याला पत्रे लिहिली आणि जुलै १८९३ मध्ये परवानगी मिळवली. तळ्यावर जपानी धाटणीचा कमानदार लाकडी पूल आला. मोनेच्या घराच्या भिंती जपानी ठसाचित्रांनी भरलेल्या होत्या. त्याच्या संग्रहात अशी दोनशेहून अधिक चित्रे होती आणि होकुसाई व हिरोशिगे यांची त्याला विशेष ओढ होती.

तळ्यातल्या वनस्पतींची हकिकत मुळातून समजून घ्यावी अशी आहे. युरोपातल्या थंड हवेत टिकणारी कुमुदिनी फक्त पांढऱ्या फुलांची होती. नैऋत्य फ्रान्समधल्या टांपल-स्यूर-लोत गावच्या जोसेफ बोरी लातूर-मार्लियाक या रोपवाटिकाकाराने तिचा संकर रंगीत फुलांच्या जातींशी घडवून गुलाबी, पिवळ्या, तांबूस फुलांची, तरीही थंडीला न डगमगणारी वाणे तयार केली. १८८९ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ती मांडली गेली. आयफेल मनोराही याच प्रदर्शनासाठी उभारला होता. मोनेने याच रोपवाटिकेकडून रोपे मागवली. म्हणजे त्याच्या चित्रांमधले गुलाबी आणि पिवळे ठिपके त्याआधीच्या पिढीतल्या कोणाही युरोपीय निसर्गचित्रकाराला आपल्या गावच्या उघड्या तळ्यात दिसणे शक्यच नव्हते.

कुमुदिनी आणि कमळ यांतला फरकही इथे महत्त्वाचा ठरतो. कमळाची पाने आणि फुले देठावर पाण्याच्या वर उभी राहतात, त्यामुळे कमळांचे तळे पाहताना पाणी दिसेनासे होते. कुमुदिनीची देठापाशी चिरलेली गोल पाने पत्रावळीसारखी पाण्यावर सपाट पसरतात. कोकणातल्या आणि विदर्भातल्या तळ्यांतही कुमुदिनीच्या भारतीय जाती आढळतात, तेव्हा मराठी वाचकाला हे दृश्य नवे नाही. मोनेला अशाच वनस्पतीची गरज होती. पाणी स्वतः पारदर्शक, त्याला धरायला जागा नाही. सपाट पाने मात्र पृष्ठभाग कुठे आहे ते नेमके दाखवतात. शिवाय फुले सकाळी उमलतात आणि दुपार उतरता उतरता मिटतात, त्यामुळे रंगवण्याचे तासही तीच ठरवून देत.

१९०१ ते १९०३ या काळात मोनेने शेजारची जमीन घेऊन तळे सुमारे तिपटीने वाढवले. काठाला झुकत्या फांद्यांचे विलो, बांबू, आयरिस लावले, पुलावर विस्टेरियाचे वेल चढवले. पुढे बागेत सहा माळी होते. त्यांतला एक केवळ तळ्यासाठी. तो होडीतून फिरून शेवाळ काढी, वाळलेली पाने खुडी, पानांवर बसलेली धूळ धुई. शेजारच्या रस्त्यावरून मोटारी जाऊ लागल्या आणि धुळीने पाणी गढूळ दिसू लागले, तेव्हा मोनेने स्वतःच्या खर्चाने रस्त्यावर डांबर घालून घेतले. त्याने पाने किती दाट असावीत, मोकळे पाणी किती राहावे, हे चित्र रंगवण्याआधीच तळ्यात ठरवून घेतले होते. निसर्गाचे चित्र काढणाऱ्याने आधी निसर्गच रचून घ्यावा, हे दृक्प्रत्ययवादाच्या प्रचलित व्याख्येत बसत नाही. पण हीच मोनेच्या उत्तरकाळाची किल्ली आहे.

पहिली चित्रे १८९७ च्या सुमाराची. त्या वर्षी मोरिस गियमो हा पत्रकार जिव्हर्नीला आला. एका वर्तुळाकार दालनाच्या भिंती खालच्या बाजूने पाण्याच्या आणि वनस्पतींच्या चित्रांनी वेढाव्यात, अशी मोनेची कल्पना त्याने दुसऱ्या वर्षी छापलेल्या लेखात नोंदवली आहे. ही नोंद फार मोलाची आहे. अखेरचे मोठे भित्तिपट म्हणजे म्हातारपणी सुचलेला विचार नव्हे, ती कल्पना तळ्याच्या पहिल्या चित्रांइतकीच जुनी होती, हे तिच्यावरून सिद्ध होते. १८९९ आणि १९०० मध्ये त्याने पुलाची मालिका रंगवली. त्या चित्रांमध्ये अजून काठ आहे, झाडांची भिंत आहे, मध्ये पुलाची कमान आहे. पाहणाऱ्याला आपण कुठे उभे आहोत ते कळते.

१९०३ नंतर मोनेची नजर खाली उतरत गेली. आधी आकाश चित्राबाहेर गेले, मग पलीकडच्या काठाची एक पट्टी वर उरली, आणि १९०५ च्या सुमारास तीही नाहीशी झाली. चित्रात क्षितिजच राहिले नाही. हा बदल केवढा होता, ते युरोपीय चित्रकलेचा मागचा इतिहास पाहिला की उमगते. पंधराव्या शतकापासून यथादर्शन, म्हणजे सपाट चित्रात खोली दाखवण्याची रीत, क्षितिजरेषा आणि त्या रेषेवर दूर जाणाऱ्या रेषा जिथे मिळतात तो लोपबिंदू यांवर उभी होती. वर आकाश, खाली जमीन, आणि मध्ये दूरवर जाणारा अवकाश. मोनेच्या चित्रात आकाश खाली आहे. ढग चित्राच्या तळाशी दिसतात, झाडांचे शेंडे खालच्या दिशेने वाढतात, आणि या उलट्या खोलीवर पाने तरंगतात.

अवकाशाची जाणीव तरीही हरवत नाही, आणि ती कशी टिकते ते पाहण्यात या चित्रांचा मोठा आनंद आहे. जवळची पाने मोठी आणि गोलसर असतात, दूरची लहान आणि चपटी होत जातात. एवढ्यावरून पाण्याचा सपाट पृष्ठभाग मागे मागे सरकतो. पाने आडव्या फटकाऱ्यांनी रंगवलेली असतात. विलोच्या फांद्यांची प्रतिबिंबे उभ्या फटकाऱ्यांनी. आडवे फटकारे डोळ्याला पृष्ठभागावर पुढे नेतात, उभे फटकारे त्याला खोल ओढतात. एकाच जागी दोन परस्परविरोधी दिशा काम करतात, आणि पाहणारा कधी पाण्यावर असतो, कधी पाण्यात. याला पाण्याच्या भौतिक गुणधर्माचा आधार आहे. सरळ खाली पाहिले तर पाण्याचा पृष्ठभाग जेमतेम दोन टक्के उजेड परतवतो, म्हणून तळाशी हलणारे गवत दिसते. नजर तिरपी होत जाईल तसे परावर्तन वाढत जाते आणि पाण्याचा आरसा होतो. मोनेने काठावरची जागा अशी निवडली, की आरसा आणि पारदर्शकता यांची सीमा चित्रातच यावी. काही चित्रांत खालच्या कडेला हिरवट-तपकिरी खोली दिसते आणि वर जाता जाता तीच जागा आकाशाच्या निळ्याने भरते, ती यामुळे.

उजेड पालटला की कॅनव्हास पालटायचा, ही मोनेची पद्धत गवताच्या गंजी आणि रूआँचे कॅथीड्रल या १८९० च्या दशकातल्या मालिकांपासून पक्की झालेली होती. तळ्याकाठीही तो एकाच बैठकीत अनेक कॅनव्हास हाताळी. रंगांची निवड मात्र आटोपशीर होती. १९०५ मध्ये त्याने स्वतःच दिलेल्या यादीत शिशाचा पांढरा, कॅडमियम पिवळा, हिंगुळी लाल, गडद मंजिष्ठा, कोबाल्ट निळा आणि पाचूसारखा हिरवा एवढेच रंग आहेत. काळा त्यात नाही. सावली आणि खोल पाणी तो निळा, हिरवा आणि मंजिष्ठा यांच्या थरांतून साधत असे.

मे १९०९ मध्ये द्युराँ-रुएलच्या दालनात या पाण्याच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. मालिकेतली ४८ चित्रे मांडली होती. हे प्रदर्शन मुळात १९०७ मध्ये व्हायचे होते, पण समाधान होईना म्हणून मोने ते पुढे ढकलत राहिला आणि दरम्यान अनेक कॅनव्हास त्याने नष्ट केले. प्रदर्शन फार गाजले. मग मात्र काही वर्षे त्याचा हात जवळपास थांबला. १९१० च्या सेन नदीच्या महापुरात तळे बुडाले. १९११ मध्ये पत्नी आलीस वारली. १९१२ मध्ये डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे निदान झाले. १९१४ च्या फेब्रुवारीत थोरला मुलगा झाँ गेला. झाँची विधवा पत्नी ब्लांश ही आलीसच्या पहिल्या लग्नाची मुलगी आणि स्वतः चित्रकार होती. तिने यापुढे मोनेचे घर सांभाळले. मित्र आणि राजकारणी जॉर्ज क्लेमान्सो याने जुन्या भित्तिपटांच्या कल्पनेला पुन्हा हात घालण्याचा आग्रह धरला. १९१४ च्या वसंतात, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, मोनेने नव्याने सुरुवात केली.

ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध पेटले. गावातले पुष्कळ लोक निघून गेले, धाकटा मुलगा मिशेल पुढे सैन्यात गेला, मोने मात्र जिव्हर्नीतच राहिला. युद्धाच्या काळातच, १९१५ आणि १९१६ मध्ये, बागेत सुमारे २३ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद अशी तिसरी चित्रशाळा उभी राहिली. छतातून उजेड येई. इमारत ओबडधोबड दिसते, याची मोनेला खंत वाटे, पण तिच्याशिवाय काम होणे नव्हते. एकेक पट दोन मीटर उंच आणि बरेचसे सव्वाचार मीटर रुंद. ते चाकांच्या घोड्यांवर चढवलेले असत, हवे तसे सरकवून एकाला एक जोडून पाहता येत. उन्हाळ्यात तळ्याकाठी मोठ्या आकाराचे अभ्यास रंगवायचे आणि चित्रशाळेत त्यांच्या आधाराने पट वाढवायचे, अशी कामाची रीत होती.

उघड्यावर, निसर्गासमोर बसून क्षणाचा उजेड टिपणे ही मोनेची ख्याती होती. हे पट मात्र आत, आठवणीने आणि वर्षानुवर्षे रंगवले गेले. आधीचा थर पूर्ण वाळल्यावर कोरड्या कुंचल्याने वरचा थर असा ओढलेला आहे, की खालच्या रंगाचे उंचवटे मधून डोकावत राहतात. जवळून पाहिले तर पृष्ठभाग खडबडीत, जणू नुसत्याच रंगरेघांचा. काही पावले मागे सरकले की पाणी जमू लागते. एका क्षणाचा उजेड अनेक वर्षांच्या थरांनी उभा करणे, हे दृक्प्रत्ययवादाच्या पहिल्या काळात कोणाला पटले नसते. या कामातच मोनेची खरी थोरवी आहे.

११ नोव्हेंबर १९१८ ला युद्ध थांबले. दुसऱ्याच दिवशी मोनेने क्लेमान्सोला पत्र लिहून विजयाच्या निमित्ताने दोन पट राष्ट्राला देऊ केले. क्लेमान्सो त्या वेळी पंतप्रधान होता. दोन पटांचे पुढे पुष्कळ पट झाले. त्यांच्यासाठी प्रथम शिल्पकार रोदँच्या संग्रहालयाच्या, म्हणजे ओतेल बिराँच्या आवारात स्वतंत्र दालन बांधायचे ठरले होते, पण तो आराखडा मागे पडला आणि त्वीलरी बागेतली ओरांझरी ही इमारत निश्चित झाली. हिवाळ्यात संत्र्यांची झाडे ठेवण्यासाठी ती एकोणिसाव्या शतकात बांधलेली होती. वास्तुकार कामिय लफेव्हर याने तिच्यात मोनेच्या सूचनांप्रमाणे दोन लंबवर्तुळाकार दालने आखली. दानपत्रावर एप्रिल १९२२ मध्ये सह्या झाल्या.

याच सुमारास डोळे साथ सोडत होते. १९२२ मध्ये उजव्या डोळ्याला केवळ उजेड कळत होता आणि डाव्याची दृष्टी दशांशावर आली होती. मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग पिवळट-तपकिरी होते आणि निळा, जांभळा उजेड अडवते. मोने रंगांच्या नळ्यांवरची नावे वाचून आणि पॅलेटवर प्रत्येक रंगाची जागा ठरवून काम करी. जानेवारी १९२३ मध्ये डॉक्टर शार्ल कूतेला यांनी उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया केली आणि त्याच वर्षी जुलैत आणखी एक. त्यानंतर कधी सारे पिवळे, कधी सारे निळे दिसे. रंगीत काचांचे चष्मे घेऊन त्यातून वाट काढावी लागली. डाव्या डोळ्याला हात लावू देण्यास त्याने ठाम नकार दिला.

या आजारावरून उत्तरकाळातली सारी चित्रे मोतीबिंदूच्या खात्यावर टाकण्याची प्रवृत्ती आहे. ती मान्य करता येत नाही. जपानी पुलाची १९१८ ते १९२४ मधली, लाल आणि तपकिरी ज्वाळांनी पेटल्यासारखी दिसणारी चित्रे पाहताना दृष्टिदोषाचा विचार टाळता येत नाही, हे खरे. पण क्षितिज निदानाच्या सात वर्षे आधीच गेले होते, दालनाची कल्पना पंधरा वर्षे आधीची, आणि ओरांझरीच्या पटांमधले निळे व जांभळे शस्त्रक्रियेनंतर पुन्हा तपासले गेले. रंग दिसेनासे होण्याचे दुःख मोनेने पत्रांतून वारंवार मांडले आहे. रचना मात्र त्याच्या बुद्धीची आहे, आणि ती शेवटपर्यंत शाबूत होती.

मोने पट हातचे सोडायला तयार नव्हता. ठरलेली मुदत उलटली, क्लेमान्सो संतापला, दोघांच्या मैत्रीवर ताण आला, तरी दुरुस्त्या चालूच राहिल्या. ५ डिसेंबर १९२६ ला मोने वारला, त्यानंतरच पट जिव्हर्नीबाहेर पडले. ते कॅनव्हास ओरांझरीच्या वक्र भिंतींवर थेट चिकटवले गेले आणि १७ मे १९२७ ला दालने लोकांसाठी उघडली.

एकूण २२ पट, त्यांच्या आठ रचना, प्रत्येक सुमारे दोन मीटर उंच, आणि सगळ्यांची मिळून लांबी नव्वद मीटरांहून जास्त. पहिल्या दालनात मोकळे पाणी आहे : सूर्यास्त, ढग, सकाळ आणि हिरवी प्रतिबिंबे. दुसऱ्या दालनात विलोचे बुंधे आणि लोंबत्या फांद्या येतात. तिथली ‘दोन विलो’ ही रचना सुमारे १७ मीटर लांब आहे आणि तिच्या समोरची ‘वृक्षांची प्रतिबिंबे’ ही रचना साऱ्या संचात सर्वांत काळोखी. भिंतींना कोपरे नाहीत, त्यामुळे चित्र कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते सांगता येत नाही. मध्यभागी उभे राहिले तर अर्धे चित्र पाठीमागे जाते. कुठल्याही एका जागेवरून संपूर्ण रचना दिसत नाही, आणि चालत चालत पाहण्याखेरीज गत्यंतर नसते. चौकटीतल्या चित्राला पाहणारा बाहेरून पाहतो, इथे तो चित्राच्या आत असतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलावंतांनी पाहणाऱ्याला वेढणाऱ्या मांडण्या केल्या, त्यांची एक सुरुवात इथे आहे.

उद्घाटनानंतर दालने ओस पडली. घनवाद आणि अतिवास्तववाद यांच्या त्या काळात मोने जुनाट ठरला होता. ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मुक्त होताना तोफगोळ्यांनी इमारतीचे आणि काही पटांचे नुकसान झाले. वारे फिरले ते १९५० नंतर. १९५२ मध्ये चित्रकार आंद्रे मासाँ याने ओरांझरीला दृक्प्रत्ययवादाचे सिस्टाइन चॅपेल म्हटले. अमेरिकी चित्रकार एल्सवर्थ केली याने त्याच वर्षी जिव्हर्नीला जाऊन चित्रशाळेतले विसरलेले पट पाहिले. १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने एक मोठा पट घेतला. तो १९५८ च्या आगीत जळला, आणि संग्रहालयाने लगेच तीन पटांचा संच विकत घेतला. मोठ्या कॅनव्हासवर कडेपासून कडेपर्यंत रंग पसरवणाऱ्या अमूर्त चित्रकारांची पिढी तेव्हा पुढे आली होती, त्यामुळे या चित्रांकडे पाहण्याची नजर तयार होती.

ओरांझरीत न लावलेले बरेच पट मिशेलकडे राहिले. त्याच्या मृत्यूनंतर, १९६६ मध्ये, वारसा पॅरिसच्या मार्मोताँ संग्रहालयाला मिळाला. काही पट झुरिकला गेले. आगापांथस या फुलांच्या नावाने ओळखला जाणारा तीन पटांचा एक संच अमेरिकेत क्लीव्हलँड, सेंट लुईस आणि कॅन्सस सिटी इथल्या तीन संग्रहालयांत विखुरला आहे. जपानच्या नाओशिमा बेटावर तादाओ आंदो या वास्तुकाराने बांधलेल्या चिचू संग्रहालयात २००४ पासून पाच चित्रे नैसर्गिक उजेडात पाहायला मिळतात. जिव्हर्नीचे घर आणि बाग दरम्यान मोडकळीला आली होती. १९७७ पासून जेराल्ड व्हान देर केम्प यांच्या देखरेखीखाली तिची पुनर्रचना झाली आणि १९८० मध्ये ती लोकांसाठी उघडली. ओरांझरीत मात्र १९६० च्या दशकात दुसऱ्या संग्रहासाठी वर एक मजला चढवला गेला होता, आणि मोनेच्या दालनांचा दिवसाचा उजेड त्याने बंद केला होता. २००० ते २००६ या काळात झालेल्या नूतनीकरणात तो मजला काढला गेला. छतातून गाळून येणारा उजेड पुन्हा पटांवर पडू लागला, आणि सकाळी, दुपारी व ढगाळ दिवशी त्यांचे रंग मोनेने योजल्याप्रमाणे वेगवेगळे दिसू लागले.